चार मशीनांवरचा उशीर

“अण्णा, मशीनमध्येच काहीतरी झालंय. मी आधी बघतोय, आधी मारतोय, तरी मीच मरायलोय.”

श्रेयांसनं हेडफोन काढून टेबलावर टाकला. शेजारच्या मशीनवर बसलेल्या इर्शाद मुल्लाच्या गोळीनं तो नुकताच मेला होता, आणि इर्शाद छताकडे बघत गालातल्या गालात हसत होता.

“हसायलास काय?”

“मी कुठं हसतोय? पंखा बघायलोय. लई धूळ बसलीया त्यावर.”

बाकीचे तिघे खिदळले. श्रेयांस हसला नाही. महिन्यापूर्वी तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला असता.

दुपारची वेळ होती, ऑगस्ट संपत आला होता. जयसिंगपुरात आठव्या गल्लीत माझं दुकान. पाटीवर तेव्हाही ‘मगदूम टीव्ही सेंटर’ असंच होतं, पण आत टीव्ही एकच उरला होता आणि तोही माझाच. तीस वर्षं मी या गावाचे टीव्ही दुरुस्त केले. मग पातळ टीव्ही आले, बिघडले की लोक सरळ नवा आणायला लागले आणि मला कोणी विचारेना. तेव्हा श्रेयांसनं, माझ्या एकुलत्या एका मुलानं, मला पटवलं होतं. “अण्णा, ते जुने सेट काढा, पाच कॉम्प्युटर मांडू. पोरं तासावर खेळायला येतील.” पोरं आली. त्यातली चार कायमची चिकटली, आणि श्रेयांस धरून पाच जणांचा संघ झाला. नाव ‘आठवी गल्ली’. नाव ऐकून मोठ्या शहरांतली पोरं हसायची आणि मग मरायची.

खेळ बंदुकांचा, स्पर्धेत पाच विरुद्ध पाच, दुकानात सरावाला आपापसांतच. कोपऱ्यावरून कोणी डोकावलं की जो आधी गोळी घालतो तो जगतो. तिथं सेकंदाचा दहावा भाग म्हणजे फार मोठी गोष्ट. श्रेयांस त्यात तीन जिल्ह्यांत वस्ताद होता. दिवाळीनंतर कोल्हापुरात मोठी स्पर्धा होती, आणि पुण्याच्या एका संघाचा माणूस तिथं खास त्याला बघायला येणार होता. निवड झाली तर पगारावर खेळायचं. वीस वर्षांच्या पोराला याहून काय हवं? आणि खरं सांगायचं तर मलाही दुसरं काही नको होतं.

“ऊठ. बघतो,” मी म्हणालो.

मशीन बघणं हे माझं खातं. लोकांना वाटायचं, टीव्ही मेकॅनिकला यातलं काय कळणार. पण जुन्या टीव्हीत चित्र खालून वर पळायला लागायचं, आठवतंय? मागं एक बटण असायचं, ते हळूच फिरवलं की चित्र जागेवर थांबायचं. त्या बटणावर माझं घर चाललं. कॉम्प्युटरचं दुखणं तसलंच. मशीन चित्रं तयार करतं, स्क्रीन ती दाखवतो, आणि दोघांचा वेग एक नसतो. मशीन सेकंदाला तीनशे चित्रं काढतं, स्क्रीन दीडशेसुद्धा दाखवत नाही. मग कधी वरचं अर्धं चित्र मघाचं आणि खालचं आत्ताचं दिसतं, मधे फाटल्यासारखं. त्यावर उपाय म्हणजे सिंक. ते चालू केलं की मशीन स्क्रीनसाठी थांबतं आणि चित्र अखंड दिसतं. पण थांबतं म्हणजे उशीर होतो. नुसत्या बघणाऱ्याला तो कळतही नाही, खेळणाऱ्याच्या मात्र जिवावर उठतो. म्हणून आमच्या पाचही मशीनांवर सिंक बंद. फाटकं चित्र चालेल, उशीर चालणार नाही, हा दुकानाचा नियम होता आणि तो मीच केला होता.

पंधरा दिवस मी श्रेयांसच्या मशीनमागं हात धुऊन लागलो. पंखे साफ केले. मागं गुपचूप चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले. खेळातल्या सावल्या, धूर, गवत, जे जे कमी करता येतं ते सगळं कमी केलं. माऊस बदलला, वायर बदलली. सेकंदाला निघणारी चित्रं वाढत गेली आणि तो हरत गेला.

शेवटी मी मोजायचं ठरवलं. माझ्या फोनच्या कॅमेऱ्यात सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घेता यायची. त्याचं बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा फोन डब्यावर टेकवून ठेवला, त्याला खेळायला लावलं, आणि मग तो व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बघितला. बोट दाबल्यापासून बंदुकीचा उजेड दिसेपर्यंत चित्रं सहा. म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. मशीन ठणठणीत होतं.

मग मी दुसरं मोजलं. शत्रू दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत. एकाहत्तर चित्रं. हीच चाचणी मी आदल्या दिवाळीत, त्याचा नवा स्क्रीन आला तेव्हा घेतली होती, आणि ते व्हिडिओ फोनमध्येच होते. तेव्हाची चित्रं चव्वेचाळीस.

मी तीनदा मोजलं. सत्तावीस चित्रांचा फरक कुठं जाईना. जो उशीर मी पंधरा दिवस मशीनमध्ये शोधत होतो तो माझ्या पोराच्या बोटात होता.

“सापडलं का, अण्णा?” त्यानं विचारलं. खुर्ची वळवून तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी रेडिओ उघडला की बघायचा तसा.

“सापडतंय,” मी म्हणालो.

घरी सुनंदा भाकरी थापत होती. “अहो, त्याला शर्टाची बटणं लावायला येईनात बघा,” ती म्हणाली. “काल मला म्हणाला, आई, तू लाव. आणि चप्पल पण निसटायलीय पायातनं.”

“माऊस धरून धरून बोटं आखडली असतील.”

“चप्पल काय माऊसनं निसटत्या? एकदा डॉक्टरला दाखवूया की.”

“स्पर्धा होऊ दे,” मी म्हणालो. “आता दवाखाना म्हटलं तर पोरगं हायच खाईल.”

ही माझी अक्कल. मला वाटलं, त्याचा धीर सुटलाय. चार डाव हरला, म्हणून बिचकतोय, बिचकतोय म्हणून बोट उशिरा पडतंय. चार डाव जिंकला की आपोआप सुधारेल. तीस वर्षं मी बंद पडलेल्या सेटला एक टपली मारून चालू केलेलं होतं, आणि माणसाचंही तसंच असतं अशी माझी ठाम समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी बाकीच्या चार मशीनांवर बसलो. त्या चौघांचे स्क्रीन साधे होते, सेकंदाला पंचाहत्तर चित्रांचे. मी ते साठावर आणले आणि चारही ठिकाणी सिंक चालू केलं. श्रेयांसच्या मशीनला हात लावला नाही.

“तुझ्या मशीनमध्ये एक सेटिंग उलटी बसली होती,” मी त्याला सांगितलं. “सापडली. बस आता.”

तो बसला. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं इर्शादला दोनदा आणि संघातल्याच वर्धमानला तीनदा मारलं. खुर्चीवरून उठून त्यानं माझी पाठ थोपटली. “अण्णा, मी म्हणत होतो की नाही? मशीनच होतं!”

घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं, की अण्णांसारखा मेकॅनिक पुण्यात नाही. सुनंदा जेवताना त्याच्या हाताकडे बघत राहिली. पुन्हा डॉक्टरचं नाव निघालं तेव्हा श्रेयांसच म्हणाला, “अगं, बरा आहे की मी आता. बघतेस ना, रोज जिंकतोय.” दवाखान्याचं तिथंच राहिलं.

चौथ्या दिवशी इर्शाद सगळे गेल्यावर मागं थांबला. हा पोरगा तोंडाळ, पण डोळा तेज.

“काका, माझ्या मशीनवर सिंक चालू आहे.”

“असू दे.”

“वर्धमानच्या पण आहे. चौघांच्या आहे. श्रेयांसच्या तेवढं नाही.” तो माझ्याकडे बघत राहिला. “काका, किती दिवस?”

“त्याला धीर येईपर्यंत. बाकीच्यांना सांगू नकोस.”

“आमचा सराव बोंबलला की मग.” त्यानं मान खाली घातली. “बरं. वायरिंग जुनं झालंय म्हणून सांगतो.”

तो बिचारा दोन महिने रोज उशिरानं खेळला आणि रोज हरला. त्याच्या वयात मी हे कोणासाठीही केलं नसतं.

मग ऑक्टोबरातला तो रविवार आला. शेवटचा डाव, दोन्ही बाजूंचे बाकी सगळे मेलेले, उरले श्रेयांस आणि इर्शाद. श्रेयांस एका दाराकडे तोंड करून उभा होता. इर्शाद त्याला चकवून पाठीमागच्या खिडकीतून आला. मी श्रेयांसच्या खुर्चीमागं उभा होतो, मला ती खिडकी दिसलीसुद्धा नाही. त्याला मात्र काय जाणवलं कोण जाणे. गर्रकन वळला आणि एक गोळी. एकच. इर्शाद आडवा.

दुकानात एकच ओरडा झाला. श्रेयांस दोन्ही हात वर करून उभा राहिला, हसत होता, डोळ्यांत पाणी होतं. “अण्णा, बघितला? जन्मात असा मारला नव्हता!”

इर्शाद मात्र स्क्रीनकडे बघत बसून राहिला होता. थोड्या वेळानं त्यानं मला खुणेनं बाहेर बोलावलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी तो उभा होता, कान लाल झालेले.

“काका, शिव्या घालू नका. आज आल्या आल्या मी माझं सिंक काढलं होतं. स्क्रीन पण परत पंचाहत्तरवर नेला. मला रोज रोज हरायचा कंटाळा आला होता.” त्यानं मागं वळून दुकानाकडे बघितलं. “काका, त्यानं मला खरं मारलंय. काहीच उशीर नव्हता.”

मी त्या पोराला तिथंच भर रस्त्यात मिठी मारली. माझा इलाज लागू पडला होता, पोरगं सुधारत होतं.

“मग आता चौघांचं काढूया?” इर्शाद म्हणाला.

“नको. थोडं राहिलंय. स्पर्धेपर्यंत राहू दे.”

त्या दिवशी काढलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं, कारण तो एक डाव म्हणजे सुधारणा नव्हती. मधेच एखादा दिवस बरा जातो, तसा तो गेला होता. पण मला त्यात माझी हुशारी दिसली. संध्याकाळी मी इर्शादच्या मशीनवर सिंक पुन्हा चालू केलं.

कोल्हापूरच्या हॉलमध्ये आयोजकांची सगळी मशीनं एकसारखी होती. श्रेयांसचं मशीन मी स्वतः तपासलं, सगळं चोख होतं. पुण्याचा माणूस मागच्या रांगेत वही घेऊन बसला होता. डाव सुरू झाला आणि पहिल्या कोपऱ्यावर श्रेयांस मेला. दुसऱ्या कोपऱ्यावर मेला. समोरची पोरं काही फार मोठी नव्हती, मागच्या वर्षी त्यानं त्यांना झाडून काढलं होतं. इर्शाद त्याच्या पुढे पुढे जाऊन गोळ्या अंगावर घेत होता. अर्धा सामना झाला तेव्हा मागची खुर्ची रिकामी झालेली होती.

“अण्णा,” श्रेयांसनं मला हाक मारली. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. “ह्यांनी सिंक चालू ठेवलंय. बघा तुम्ही. उशीर आहे मशीनला.”

मी वाकून बघितलं. बघायची गरज नव्हती.

“बंद आहे,” मी म्हणालो.

“नीट बघा ना, अण्णा!”

“बंद आहे रे.”

त्यानं पुन्हा माऊस धरला. मधलं बोट बटणावरून घसरत होतं आणि तो ते डाव्या हातानं उचलून जागेवर ठेवत होता. ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, म्हणजे बघायचं टाळता आलं नाही. 

परत येताना स्टँडवर त्याच्या उजव्या पायातली चप्पल निसटली. तो चार पावलं तसाच चालत गेला. चप्पल पायात नाही हे त्याला कळलंच नव्हतं. मी ती उचलली आणि त्याच्या मागं गेलो.

मिरजेत मोठ्या डॉक्टरांनी मानेचे फोटो काढायला लावले. दोन दिवसांनी आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो. मानेच्या मणक्यात गाठ होती. साधी होती, कॅन्सरची नव्हती, पण आतल्या मज्जारज्जूच्या दोरीला दाबत होती, त्यामुळं हातापायांकडे जाणारे निरोप अडत होते. ऑपरेशन लगेच करायचं होतं.

“कधीपासून जाणवतंय?” डॉक्टरांनी श्रेयांसला विचारलं.

“ऑगस्टपासून. पण मधे दोन महिने एकदम बरा होतो.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “बरा म्हणजे?”

“म्हणजे बोट नीट चालत होतं. रोज जिंकत होतो. सप्टेंबर, ऑक्टोबर. अण्णांना विचारा ना, ते रोज समोर होते.”

“गाठ दाबत असताना असं सहसा होत नाही,” डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही पाहिलंत? खरंच सुधारला होता? मग मला दुसरंही काही तपासून बघावं लागेल.”

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक टीव्ही आधी स्वतः उघडायचं, नको तिथं तारा जोडायचं, आणि मग छातीवर हात ठेवून सांगायचं की आम्ही हातसुद्धा लावला नाही. अशांना मी फार बोलायचो. खरं सांगा, म्हणायचो, खोट्या माहितीवर सेट जळतो. आता मी त्यांच्या खुर्चीत बसलो होतो, आणि टेबलावर टीव्ही नव्हता.

“नाही, डॉक्टर,” मी म्हणालो. “तो बरा झाला नव्हता. मी बाकीच्या चार मशीनांना उशीर लावला होता.”

डॉक्टरांना काही कळलं नाही. सुनंदालाही नाही. श्रेयांसला कळलं. त्यानं माझ्याकडे मान वळवली नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

“सिंक?” त्यानं विचारलं.

“सिंक. आणि स्क्रीन साठावर.”

“चौघांना?”

“चौघांना.”

तो ओठांतल्या ओठांत हिशेब करत होता. कुठल्याही सेटिंगचा उशीर तो तोंडी सांगायचा, मीच शिकवलं होतं. मग त्यानं हळूच विचारलं, “तो खिडकीतला पण?”

“नाही,” मी घाईघाईनं म्हणालो. “तो नाही. तो खरा होता. त्या दिवशी इर्शादनं त्याचं सिंक स्वतः काढलं होतं. शप्पथ सांगतो, श्रेया. तो एक डाव तुझा आहे.”

त्यानं तेव्हा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर मी तरलो असतो. आजारी माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्याकडे बघतो, तसं बघितलं.

“असू दे, अण्णा,” तो म्हणाला.

ऑपरेशन चांगलं झालं. पाय पूर्ण सुधारला, डावा हात सुधारला. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मात्र अर्धवटच परत आली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आला असतात तर बराच फरक पडला असता. त्यांनी ते सहज सांगितलं, कोणाला दोष द्यायचा म्हणून नाही. सुनंदानं ते ऐकलं, पदरानं डोळे पुसले, आणि त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. दुकानात झेरॉक्सचं मशीन आहे. श्रेयांस सांगलीत एका छापखान्यात जाहिराती आणि लग्नपत्रिका तयार करतो, माऊस डाव्या हातानं धरतो, त्यात पुन्हा पटाईत झालाय. सणाला येतो, माझ्या औषधांची चौकशी करतो, फोन बिघडला तर माझ्याकडेच देतो. कधी एक शब्द लागेल असा बोलला नाही.

त्याच्या लग्नात इर्शाद आला होता. पंगतीत त्याच्या शेजारी बसून म्हणाला, “श्रेया, तो खिडकीतला डाव खरा होता रे. मीच सिंक काढलं होतं. आईशप्पथ.” श्रेयांस हसला आणि त्याच्या ताटात एक जिलबी वाढून म्हणाला, “तुला अण्णांनी सांगितलं होय असं म्हणायला?”

गेल्या दिवाळीत मी पुन्हा एकदा प्रयत्न केला. आम्ही दोघंच दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मी म्हणालो, “श्रेया, आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे? माझं ऐक. तो खिडकीतला डाव तू जिंकला होतास.”

त्यानं त्याचा उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. दोन बोटं वाकलेलीच राहतात त्याची, ती मला शर्टातून लागली.

“बरं, अण्णा,” तो म्हणाला. “जिंकलो होतो.”

ते तो माझ्यासाठी म्हणाला. मी त्याच्यासाठी जे केलं होतं तेच त्यानं माझ्यासाठी केलं.

तो डाव त्यानं खरोखर जिंकला होता. हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्या दोघांवरही त्याचा विश्वास नाही.